डोलकाठीखालचा ठोकळा

३ फेब्रुवारी

बारक्या,

सत्तेचाळीस वर्षांचा झालास, कमरेचा पट्टा पुरत नाही, तरी या घरात तू बारक्याच. म्हणून आधी कान धरते आणि मग बोलते.

फोन करू नकोस, मी उचलणार नाही. फोनवर तू असं काही गोड बोलतोस की ठेवल्यावर माझ्या लक्षात येतं, अरे, माफी तर आपणच मागितली! तेव्हा लिही. मोडक्या गाड्या नि जळकी गोदामं बघून विमा कंपनीला दिवसभर रिपोर्ट लिहितोस, बहिणीला दोन पानं लिहिलीस तर हात झडणार नाही.

काल बाबांच्या होडीचा तळ उघडला.

तुला माहीतच आहे, ऑक्टोबरात डोलकाठी त्यांच्या खांद्यावर पडली तेव्हापासून ते होडीकडे फिरकलेले नाहीत. हाड जुळलं, पण माणूस जुळलेला नाही. काठीला धरून ठेवणारी बाजूची दोरी आपण सैल बांधली, म्हणून काठी पडली, असं त्यांनी मनाला लावून घेतलंय. ते कोणी त्यांच्या डोक्यात घातलं देव जाणे. ज्या माणसाने चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, आपल्या होडीची शिडं स्वतः बेतून शिवली, तो आता शर्टाचं बटण तुटलं तर माझ्यापुढे धरतो. म्हणतो, "माझ्या हाताचा भरवसा नाही." आणि त्याच भरात तुझ्या त्या वृद्धाश्रमाच्या फॉर्मवर सही करून मोकळे झालेत. एक एप्रिलला जायचं म्हणे. दोनदा विचारलं, "मनापासून जाताय का?" तर म्हणाले, "मनाचं काय घेऊन बसलीस, मी आता कुणाला तरी इजा करीन."

मी ठरवलं, होडी निदान धड करून एखाद्या हौशी माणसाला द्यावी. बस डेपोतून आठ दिवसांची रजा काढली आणि धक्क्यावरच्या मिस्त्रींना बोलावलं. म्हातारे आहेत, कमी बोलतात. त्यांनी लाकडी हातोडी घेतली आणि पुढून मागे ठोकत निघाले. टण, टण, टण. डोलकाठीपाशी आले आणि आवाज बसला. थप. मग खिशातून टोकदार आरी काढून टोचली, तर मुठीपर्यंत आत गेली.

डोलकाठीचं बूड ज्या ठोकळ्यात बसतं, तो ठोकळा राहिलेलाच नाही रे. वर रंग, रंगाखाली दगडासारखी पुट्टी, आणि पुट्टीच्या भोवती चहाच्या चोथ्यासारखं कुजलेलं लाकूड. बाजूच्या चार फासळ्या तशाच. मी चमच्याने लाकूड उकरलं. चमच्याने! आणि बाजूची दोरी? तिची गाठ अजून खुंटीवर जशीच्या तशी आहे. ठोकळा खचला, काठी चार बोटं खाली बसली, म्हणून दोरी सैल पडली. दोरी सैल बांधलेली होती म्हणून काठी पडली, असं नाही. मिस्त्रींनी हे दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा मला ऐकूच आलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "ही पुट्टी कोणाची?"

म्हटलं, माझ्या भावाची. सहा वर्षांपूर्वी चार दिवस येऊन त्याने होडी "चकाचक" करून दिली होती. मिस्त्रींनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चहा प्यायला निघून गेले.

तू बाबांना पत्र लिहायचंस. ठोकळा कुजलेला होता, ते तुला माहीत होतं आणि तू त्यावर पांघरूण घातलंस. एवढी तीन वाक्यं, एक एप्रिलच्या आत. त्यांनी जायचं असेल तर जावं, पण आपण चुकलो असं समजून जाऊ नये.

ताई


१२ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र वाचलं. तू थकलेली आहेस हे त्यातून दिसतं. बाबांचं सगळं एकटीवर पडलंय, त्यात डेपोच्या पाळ्या. त्यामुळे भाषेबद्दल मी काही म्हणत नाही.

पण मुद्द्याचं बोलू. पुट्टी भरणं हा गुन्हा नाही. जुन्या होडीत बारीकसारीक भेगा असतात, त्या सगळेच पुट्टीने भरतात. मी भरली तेव्हा आतलं लाकूड चांगलं होतं. सहा वर्षांत ते कुजलं असेल तर त्याला मी काय करणार? तुझे मिस्त्री धक्क्यावरचे आहेत, त्यांना काम हवं आहे. काम हवं असलेल्या माणसाला कुजलेलं लाकूड लवकर सापडतं, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.

दुसरं म्हणजे गाठ शाबूत होती याचा अर्थ ती घट्ट होती असा होत नाही. सैल गाठसुद्धा शाबूत राहते. माझ्या हाती ही केस आली असती तर कारणाच्या रकान्यात मी "मानवी चूक" असंच लिहिलं असतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. एकोणऐंशी वर्षं हे वय आहे, ताई.

आणि आश्रमाला उगाच नावं ठेवू नकोस. मी तीन ठिकाणं बघितली. ही खोली पूर्वेची आहे, खिडकीत बाग आहे, डॉक्टर जागेवर आहे. बाबा स्वतःहून तयार झालेत. आता त्यांना तुझ्या ठोकळ्याची गोष्ट सांगून परत द्विधेत टाकायचं, म्हणजे त्यांचेच हाल. काही गोष्टी उकरू नयेत.

होडी फोडून टाक. सरपण तरी होईल.

तुझा,
बारक्या


१७ फेब्रुवारी

साहेब,

"काही गोष्टी उकरू नयेत." वा! मी उकरल्या.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी मिस्त्रींबरोबर उरलेली पुट्टी काढत होते. ती एकसंध निघत नाही, छिन्नीने टवके उडवावे लागतात. डोळ्यात गेले, नाकात गेले, दुसऱ्या दिवशी बस चालवताना शिंका. ठोकळ्याच्या पोटात पोचलो तर पुट्टी संपली आणि कागद लागला. वर्तमानपत्राचा बोळा. चांगलं लाकूड होतं म्हणतोस ना? चांगल्या लाकडात मूठ जाईल एवढी पोकळी कुठून आली, की तिथे बोळे कोंबावे लागले?

मी तो ओला बोळा उलगडून गच्चीवर वाळवला. पान सातवं. तारीख बरोबर त्याच आठवड्याची, सहा वर्षांपूर्वीची. आणि पानावर शब्दकोडं, अर्धं सोडवलेलं, तुझ्या अक्षरात. तू "ळ" काढतोस ना, दोन चष्मे एकमेकांवर पडल्यासारखा, तोच. आडवा चौदावा शब्द तुला आला नव्हता. मी सोडवला. हवं तर उत्तर कळवते.

पान इथे ठेवलंय, कारण तू ते हरवशील. सोबत पाकिटात लाकडाचा चोथा आहे. टेबलावर ओत आणि तुझ्या रिपोर्टच्या भाषेत मला सांग की हे काय आहे.

मिस्त्रींना काम हवं आहे म्हणे! अरे, त्यांनी मला तीन दिवस परत पाठवलं. म्हणाले, "बाई, हे मोठं काम आहे, नाद सोडा." मी हट्टाला पेटले म्हणून ते आले. आणि किती जपून काम करतात ते बघायला ये एकदा. आधी होडीला दोन्ही बाजूंनी टेकू दिले. फासळ्या सगळ्या एकदम काढत नाहीत, एक सोडून एक. सगळ्या काढल्या तर होडी पसरते आणि मग तिला तिचा आकार परत कोणी सांगायचा? कुजलेलं कापताना थांबायचं कुठे, तर आरी टोचून ती आत जायची थांबली त्याच्याही एक वीत पुढे. मी म्हटलं, "इथे तर चांगलं दिसतंय." म्हणाले, "दिसायला तर सगळंच चांगलं दिसत होतं."

तू मात्र चार दिवसांत सगळं उरकलंस. निळा रंग दिलास, फोटो काढलेस, बाबांच्या पाठीवर थाप मारलीस नि गाडीत बसलास. आणि त्या काठीखाली बाबा सहा वर्षं बसत होते. एकटे. कधी मी. दोन वेळा माझी मुलगीसुद्धा, हे तुझ्या रकान्यात लिही.

मला तुझी सफाई नको. तू ते बघितलंस, तुला कळलं, आणि तू कोंबलंस. हो की नाही, एवढंच लिही.

आज बाबांनी त्यांची मोठी कात्री समोरच्या बाईंना देऊन टाकली. आश्रमात न्यायची पेटीसुद्धा काढून ठेवलीय. त्यांच्या हातात आता टीव्हीच्या रिमोटशिवाय काही नसतं, आणि तोही ते उलटा धरतात.

ताई


२६ फेब्रुवारी

ताई,

हो.

हो, बघितलं. हो, कळलं. हो, कोंबलं. झालं समाधान? आता माझं ऐक, आणि मध्ये तोंड घालू नकोस, पत्रात तुला घालता येत नाही म्हणूनच लिहितोय.

आई जाऊन चार महिने झाले होते. तू सकाळी साडेपाचला बसवर जायचीस, म्हणून तुला ठाऊक नाही बाबा दिवसभर कसे असायचे. मी त्या चार दिवसांत बघितलं. दात घासायचे विसरायचे. मी होडीचं नाव काढलं की तेवढे उठायचे. म्हणायचे, "तू तयार कर, मी येतो मागून." मी खालची फळी काढली आणि ते भगदाड बघितलं. तिथेच बसलो, ताई. अर्धा दिवस बसलो. कोडं तेव्हाच सोडवत होतो, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. बायको गेली, आता होडीही गेली, असं मी त्यांना जाऊन सांगायचं? तू सांगितलं असतंस? मी पुट्टी आणली. मनाशी म्हटलं, एक मोसम निघेल, पुढच्या वर्षी येऊन नीट करू. पुढच्या वर्षी मला जमलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी ते इतके खुशीत होते की मला वाटलं, टिकलं वाटतं. नंतर मी तो विषयच काढला नाही. याने मला जेवढं खायचं तेवढं खाल्लंय, तुझी मदत नको.

आता तुझं.

ऑक्टोबरात बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा मी फोन केला होता. त्यांनी मला शब्दन्शब्द सांगितलं. तू त्यांच्या पलंगापाशी उभी राहून, नर्ससमोर, डॉक्टरसमोर, पलीकडच्या पेशंटच्या नातेवाइकांसमोर ओरडलीस, "बाबा, तुम्हाला आता साधी दोरीसुद्धा बांधता येत नाही!" कोणी त्यांच्या डोक्यात घातलं देव जाणे, असं लिहितेस? देवाला कशाला त्रास देतेस? तू घातलंस. मी "मानवी चूक" म्हटलं ते तुझ्यानंतर. तुझं ऐकून.

आणि अजून एक. ते भगदाड सहा वर्षांत वाढलं कशाने? मी वीस वर्षांत पन्नास तरी होड्या तपासल्यात. खाऱ्या पाण्यात लाकूड टिकतं. मीठ त्याला टिकवतं. कुजतं ते गोड्या पाण्याने. बाबांची होडी समुद्रातून आली की दर रविवारी नळाचा पाइप लावून आतून बाहेरून कोण धुतं? स्वच्छ, चकचकीत, थेंबही मिठाचा राहू नये म्हणून? वरून प्लॅस्टिकची ताडपत्री आवळून कोण बांधतं, वारासुद्धा जाऊ नये अशी? आई गेल्यापासून दर रविवारी, न चुकता. मी पोकळी बुजवली. तिला पाणी तू पाजलंस.

तर मी बाबांना लिहीन. पण तीन वाक्यं माझी असतील तर तीन तुझीही पाहिजेत. ती तू लिहिणार आहेस का, तेवढं कळव.

बारक्या


९ मार्च

बारक्या,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र मी डेपोत वाचलं आणि नंतरच्या फेरीत दोन थांबे विसरून पुढे गेले. लोक ओरडले. कधी नव्हे ते मी त्यांना काही बोलले नाही.

पाण्याचं मी आधी खोटंच मानलं. म्हटलं, स्वतःचं खापर माझ्या डोक्यावर फोडतोय. मिस्त्रींना विचारलं, ते तुझा निकाल लावतील म्हणून. त्यांनी हातातलं काम ठेवलं आणि विचारलं, "तुम्ही गोड्या पाण्याने धुता?" मी हो म्हटलं. "आतून?" मी हो म्हटलं. मग त्यांनी मला होडीत खाली बसवून ठोकळ्याच्या बुडाशी दोन बोटभर भोकं दाखवली. आत पाणी आलं तर ते तिथून मागे वाहून जावं आणि उपसून टाकता यावं, म्हणून ती ठेवलेली असतात. दोन्ही तुझ्या पुट्टीने बंद. पाणी जायला वाट नाही. आणि मी दर रविवारी नवं पाणी ओतत होते. म्हणाले, "भोकं उघडी असती तर धुतलेलं चाललं असतं. धुतलं नसतं तर पुट्टी चालली असती थोडी वर्षं." एकट्या तुझ्याने हे जमलं नसतं, बारक्या, आणि एकट्या माझ्यानेही नाही.

मी का धुवायचे ते तुला माहीत नाही. सुई टोचून टोचून बाबांच्या बोटांना भेगा पडलेल्या, त्यात मीठ गेलं की झोंबायचं. ते बोलायचे नाहीत, पण होडीतून आले की बोटं तोंडात धरायचे. पूर्वी आई त्यांना तेल लावून द्यायची. मला तेल लावायला सुचलं नाही. मला होडी धुवायला सुचलं.

पण तुला माहीत होतं ना रे गोड्या पाण्याचं? पन्नास होड्या तपासल्यास! सहा वर्षांत एकदा तरी म्हणायचंस, ताई, धुऊ नकोस. का नाही म्हणालास ते मी सांगते. म्हणाला असतास तर मी विचारलं असतं, का? आणि मग तळ उघडला असता. तू मला दर रविवारी पाणी ओतू दिलंस. याला मी काय म्हणू? घरात सभ्य शब्द सापडत नाही आणि डेपोतले लिहिता येत नाहीत.

हॉस्पिटलचं खरं आहे. मी ओरडले. त्यांचा हात उशीवर वेडावाकडा पडला होता आणि शर्ट कापून काढला होता, त्यांनी स्वतः शिवलेला. मी घाबरले की ओरडते, बसमध्ये पोरं दाराला लोंबकळतात तेव्हाही ओरडते. पण ती पोरं उतरली की विसरतात. बाबा विसरले नाहीत. आणि हे तुला पहिल्या पत्रात लिहिताना मी "देव जाणे" असं का लिहिलं, तर मला लाज वाटली. तुला कानाला धरायचं होतं आणि माझे स्वतःचे कान लाल झाले होते.

माझी तीन वाक्यं तयार आहेत. सात झालीत. तुझी पाठव. पुढच्या आठवड्यात रविवारी जेवणाआधी मी दोन्ही त्यांना वाचून दाखवणार. तुझं आलं नाही तर माझं वाचीन आणि तुझ्या जागी शब्दकोडं दाखवीन.

रागावलेलीच,
ताई


१४ मार्च

ताई,

सोबत बाबांचं पत्र. बंद केलेलं नाही, तू आधी वाचशीलच. आईचं कारण मी त्यात लिहिलेलं नाही, नुसतं केलं तेवढंच लिहिलंय. कारण दिलं की ते लगेच मला माफ करतील, आणि माझ्याने ते बघवणार नाही. तुला सांगायचं असेल तर तू सांग. पाण्याचं मला माहीत असून गप्प बसलो, हेही लिहिलंय. शेवटून दुसरं वाक्य वाच.

आश्रमाच्या लोकांना मी काही कळवलेलं नाही. खोली ठेवलेली आहे. बाबा काय म्हणतील ते म्हणोत.

रविवारी मी फोनपाशी बसणार आहे. तू उचलायचा नाहीस ते माहीत आहे, तरी बसणार.

आडवा चौदावा काय होता?

बारक्या


२३ मार्च

ताई आणि बारक्या,

एकच पत्र दोनदा उतरवतोय. एक टपालाने जाईल, दुसरं ताईच्या डब्याखाली ठेवीन. ती याच घरात असून तिला पत्र लिहितोय, कारण तिच्याशी बोलायला लागलो तर मी ओरडेन आणि ती माझ्याहून मोठ्याने ओरडेल. खांदा दुखतो म्हणून अक्षर वाकडं आहे. वाचता आलं नाही तर पुन्हा वाचा.

रविवारी ताईने दोन्ही पत्रं वाचली. बारक्याचं वाचताना आवाज चढला होता, स्वतःचं वाचताना उतरला. शेवटी आईचं कारण तिने तोंडी सांगितलं. मी जेवलो नाही. तुम्हाला वाटलं असेल म्हाताऱ्याला धक्का बसला. धक्का कसला? मला राग आला होता. इतका राग मला कित्येक वर्षांत आला नव्हता, तो कुठे ठेवायचा तेच कळेना. म्हणून सोमवारी मिस्त्रींकडे गेलो. ठोकळ्याच्या पोकळीत हात घातला. मनगटापर्यंत गेला.

बारक्या, तुझं आधी. तू अर्धा दिवस त्या भगदाडापाशी बसलास आणि ठरवलंस की बाबांना हे झेपणार नाही. कोणी सांगितलं तुला? तुझी आई गेली तेव्हा मला करायला काही नव्हतं. शिवायला बसलो की समोर ती नाही. तेव्हा कोणी येऊन म्हणालं असतं की होडी कुजली, चला, वर्षभराचं काम आहे, तर मी उठलो असतो. मला काम मिळालं असतं रे. तू मला रंगवलेली होडी दिलीस. दुःखात माणसाला जपायचं ते असं नाही.

ताई, बोटांचं ऐकून मला वाईट वाटलं. पण बोटं झोंबायची ती माझी होती, झोंबू द्यायचीस. सहा वर्षं एकदाही विचारलं नाहीस की बाबा, धुऊ का? मी नको म्हणालो असतो. कारण मला होडीचा वास धुतलेला आवडायचा नाही. तुझं मन मोडेल म्हणून मी ते बोललो नाही. हे माझंही चुकलंच, लिहून ठेव.

आता दोरीचं. ऑक्टोबरात काठी पडली तेव्हा मी खाली पडल्यापडल्या खुंटीकडे बघितलं होतं. गाठ होती. माझ्या डोळ्यांनी बघितली. मग हॉस्पिटलात ताई म्हणाली, दोरी बांधता येत नाही. फोनवर बारक्या म्हणाला, वय झालं. दोन शिकलेली पोरं एकच सांगताहेत म्हटल्यावर मी म्हणालो, तर मग नसेल बांधली.

ताई कामावर गेली की मी काय करायचो सांगू? पुढच्या खोलीच्या पडद्याच्या दोरीवर तीच गाठ मारून बघायचो. एक हात गळ्यात बांधलेला होता तेव्हाही, दुसऱ्या हाताने आणि दातांनी. दर वेळी बरोबर यायची. सोडायचो, पुन्हा मारायचो, पुन्हा बरोबर. आणि दर वेळी स्वतःला सांगायचो, आज आली, त्या दिवशी चुकली असेल. पाच महिने, रोज. त्या दोरीचं सूत निघालंय, जाऊन बघा. चाळीस वर्षं ज्या हातांच्या भरवशावर लोकांनी लग्नाचे कपडे शिवायला टाकले, ते हात मला रोज खरं सांगत होते आणि मी तुमचं ऐकत होतो. तुमच्या पुट्टीवर आणि पाण्यावर माझा राग आहे, तो मावळेल. हा मावळेल असं वाटत नाही, कारण यात मीही आहे.

आश्रमाला मी स्वतः लिहिलं आहे की खोली दुसऱ्या कोणाला द्या. पुढे कधी जावं लागलं तर जाईन, पूर्वेची खोली मला चालते. पण तेव्हा मी पाय थकले म्हणून जाईन. या खेपेला मी जायला निघालो होतो तो आरोपी म्हणून.

समोरच्या बाईंकडून कात्री परत मागून आणली. तिने त्या कात्रीने पुठ्ठा कापला होता, तिलाही बोललो.

मिस्त्रींनी पहिली नवी फासळी वाफेच्या पेटीत मऊ करून परवा बसवली. बाहेर काढल्यावर ती एक मिनिटभर वाकते, मग नाही. मी एका हाताने दाबून धरली. अजून तीन जायच्या आहेत आणि ठोकळा पूर्ण नवा करायचा आहे. ठोकळ्याच्या मागच्या बाजूला पुट्टीचा एक मोठा गोळा राहिलाय, तिथे छिन्नी नीट पोचत नाही. मिस्त्री काढणार होते. मी त्यांना हात लावू दिलेला नाही.

बारक्या, पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने ये. जुने कपडे आण, चांगले आणलेस तर खराब होतील. तो गोळा तू तुझ्या हाताने काढायचास, पोटावर पालथा पडून. ताई दिवा धरून उभी राहील. मी शेजारी स्टूल टाकून बसणार आहे आणि पाच महिन्यांचं सगळं बोलणार आहे. मध्ये कोणी बोलायचं नाही, कोणी रडायचं नाही आणि चहाच्या निमित्ताने कोणी उठून जायचं नाही.

बाबा